बार चुकू नये म्हणून

१७ ऑगस्ट १७८० रोजी पहाटे कलकत्त्याजवळ आलिपूरला ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याच्याच कौन्सिलचा सभासद फिलिप फ्रान्सिस एकमेकांवर पिस्तुले रोखून उभे राहिले. भांडणाच्या मुळाशी मराठे होते. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मुंबईकर इंग्रजांची जी नामुष्की झाली ती हेस्टिंग्जला धुऊन काढायची होती. फ्रान्सिसला हे युद्धच नको होते. मराठ्यांशी चाललेल्या लढाईच्या कामात आडवे न येण्याचे फ्रान्सिसने कबूल केले आणि मग शब्द फिरवला, असा हेस्टिंग्जचा आरोप होता. तो त्याने लेखी टिपणात मांडला, फ्रान्सिसच्या सचोटीवरच बोट ठेवले आणि फ्रान्सिसने आव्हान दिले. हेस्टिंग्जचा पाठीराखा म्हणून गेलेल्या कर्नल पिअर्सने त्या सकाळची हकीकत लिहून ठेवली आहे. अंतर चौदा पावलांचे ठरले. फ्रान्सिसने जन्मात पिस्तूल उडवलेले नव्हते आणि हेस्टिंग्जचा अनुभवही एकदोन बारांपलीकडे नव्हता. फ्रान्सिसने चाप ओढला, पण बार उडालाच नाही. त्याची दारू दमट निघाली. नवी दारू घातल्यावर दोघांच्या गोळ्या जवळपास एकाच वेळी सुटल्या आणि फ्रान्सिस जखमी होऊन कोसळला. तो वाचला आणि वर्ष संपण्याच्या आत विलायतेच्या वाटेला लागला.

राजकारणाच्या इतिहासात या प्रसंगातली दुसरी, लागलेली गोळी महत्त्वाची ठरते. पिस्तुलाच्या इतिहासात मात्र पहिला, न उडालेला बार अधिक बोलका आहे. तीनच वर्षांपूर्वी, १७७७ मध्ये, आयर्लंडमधल्या क्लॉनमेल गावी काही परगण्यांच्या सरदारमंडळींनी द्वंद्वाचे नियम ठरवले होते. त्यांतला एक नियम असा, की बार चुकला तरी तो झाडला असेच धरायचे. घोडा नुसता खट्कन पडला किंवा चढलाच नाही, तरीही तेच. हा नियम आलिपूरला लावला असता तर फ्रान्सिसची पाळी त्या दमट दारूपाशीच संपली असती आणि त्याला समोरच्याची गोळी मुकाट झेलावी लागली असती. लंडनच्या बंदूककारांनी साधारण १७७० ते १८३० या साठ वर्षांत घडवलेली द्वंद्वाची पिस्तुले या नियमाच्या उजेडात पाहिली पाहिजेत. काचेच्या कपाटात हिरव्या बनातीवर शेजारी शेजारी ठेवलेली ती जोडी बघितली, की माणूस अचूक मारता यावा म्हणून एवढे कसब ओतले असणार, असे सहज वाटते. माझे म्हणणे असे, की त्या कसबाचा मोठा वाटा यंत्राचा दोष नाहीसा करण्यावर खर्च झाला. निकाल धैर्याने लागो, हाताच्या स्थिरपणाने लागो की निव्वळ नशिबाने. तो लोखंडाच्या खोडीमुळे लागू नये, ही हमी गिऱ्हाइकाला हवी होती. तिच्यासाठी तो भरमसाट पैसे मोजत होता.

ही हमी एवढी मोलाची का वाटावी? अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमध्ये मानापमानाचा निवाडा तलवारीने होई. तलवारीत तरुण, चपळ आणि उस्तादाकडे शिकलेला माणूस उघड वरचढ ठरतो, आणि रागाच्या भरात हातघाई सुरू झाली की ती मध्येच थांबवणेही अवघड. रोज कमरेला तलवार लावून हिंडण्याची रीत शहरातून मागे पडली, तसे पिस्तूल पुढे आले. पिस्तुलाने वय, दमसास, उंची यांतले अंतर बरेच बुजवले. संधिवाताने वाकलेला मंत्रीही विशीतल्या लष्करी अंमलदारासमोर उभा राहू शकत होता. नियमांचा सगळा रोखही बरोबरीकडे आहे. शस्त्राची निवड आव्हान स्वीकारणाऱ्याची, अंतराची निवड आव्हान देणाऱ्याची, आणि गोळी झाडण्याच्या वेळेचा निर्णय दोघांच्या पाठीराख्यांचा. पिस्तुले पाठीराख्यांनी एकमेकांच्या देखत भरायची; तसे न केल्यास नळी गुळगुळीत आणि गोळी एकच आहे, अशी शब्दावर हमी द्यायची. हवेत बार काढण्याची मुभा नव्हती, कारण तसे करणे म्हणजे आव्हानाचा पोरखेळ. प्रत्यक्षात अनेकांनी हा शेवटचा नियम मोडला. पंतप्रधान धाकटा पिट १७९८ मध्ये पटनी हीथवर विरोधी खासदार टिअर्नीसमोर उभा राहिला, तेव्हा त्याने दुसरी गोळी आकाशातच सोडली.

आता यंत्राकडे वळू. चकमकीच्या पिस्तुलात बार उडण्यासाठी गोष्टींची एक साखळीच बिनचूक घडावी लागते. घोड्याच्या जबड्यात चामड्याच्या तुकड्यात धरलेली गारगोटी पोलादी पट्टीवर घासते, ठिणग्या खालच्या रंजकदाणीत पडतात, तिथली बारीक रंजक पेटते, तिची ज्वाला नळीच्या कानातून आत शिरते आणि मग आतली दारू भडकते. यांतली एक कडी निसटली की रंजकदाणीत नुसता भपका होतो आणि गोळी जागची हलत नाही. सगळे सुरळीत घडले तरी चाप ओढल्यापासून गोळी सुटेपर्यंत थोडा वेळ जातोच, आणि तेवढ्या वेळात हात हलतो. लंडनच्या कारागिरांनी ही साखळी कडीकडीने तपासली. मुख्य कमान आणि घोड्याला फिरवणारा आतला तुकडा यांच्यामध्ये त्यांनी पोलादाचा एक इवला हलता दुवा बसवला. घासण कमी झाली आणि घोडा एकाच ओघात, न अडखळता पडू लागला. पोलादी पट्टी जिथे कमानीवर सरकते तिथे बारीक चाक घातले, म्हणजे ती झटकन उघडावी. रंजकदाणीला उंच कडा आणि पाणी निथळून जाण्याची वाट दिली, कारण द्वंद्वे पहाटे, दवात आणि धुक्यात होत. कानाचे भोक दारूच्या राखेने आणि गंजाने झिजून मोठे होते आणि मग बाराचा जोर कमी पडतो. म्हणून तिथे सोन्याचे, पुढे प्लॅटिनमचे अस्तर आले. पिस्तुलावर सोने दिसले की आपण ते शोभेचे समजतो. इथे ते गंजत नाही म्हणून होते. हेन्री नॉक याने १७८७ मध्ये नळीच्या बुडाच्या एका रचनेचे पेटंट घेतले. तिच्यात दारूच्या मागे एक छोटी कोठी असते, ज्वाला आधी तिथे शिरते आणि मुख्य दारूला एकदम आतून पेटवते.

नळीचे कामही याच वळणाचे. उत्तम इंग्रजी नळ्यांचे लोखंड घोड्याच्या नालांतून उरलेल्या खिळ्यांच्या तुकड्यांपासून काढत. ठोकून ठोकून चिवट झालेले हे तुकडे भट्टीत एकजीव करून पट्टी काढायची, ती सळईभोवती पीळ देत गुंडाळायची आणि सांधायची. बाहेरून अष्टकोनी, आतून आरशासारखी गुळगुळीत अशी नऊ-दहा इंची नळी तयार झाली, की तिच्यावर मुद्दाम गंज चढवून तपकिरी रंग आणत, म्हणजे उन्हाची तिरीप डोळ्यांत जाऊ नये. ठिकठिकाणी चांदीची वेलबुट्टी करण्याचा मोह चांगल्या कारागिरांनी टाळला. आक्रोडाच्या मुठीवर बारीक चौकड्यांची खरड असे, ती घामट हात सटकू नये म्हणून. इशारा झाल्यावर नेम धरायला एखाद-दुसरा क्षणच मिळे, त्यामुळे पिस्तूल उचलले की नळी आपोआप समोरच्याच्या रोखाने जावी, एवढ्यासाठी मुठीचा बाक पुन्हा पुन्हा घासून बसवला जाई. हे सारे एका माणसाचे काम नव्हते. नळी ठोकणारा, कळ घासणारा, लाकूड बसवणारा, नक्षी कोरणारा असे वेगवेगळे हात त्यात असत. ज्याचे नाव नळीवर कोरले जाई, तो या सगळ्यांचे काम जुळवून, तपासून, दोन्ही पिस्तुले सारखीच वागतात याची खात्री करणारा. हेमार्केटमधल्या रॉबर्ट वॉग्डनचे नाव या बाबतीत इतके गाजले, की द्वंद्वावर टीका करणारी एक कविता कोणी निनावी कवीने त्यालाच उद्देशून लिहिली. स्वित्झर्लंडहून आलेला डर्स एग, जॉन आणि जोसेफ हे मँटन बंधू ही त्याच धंद्यातली पुढची नावे. जोसेफ मँटनच्या नेमबाजीच्या दालनात लॉर्ड बायरन सरावाला जात असे.

पेटीतली जोडी हाच माझ्या म्हणण्याचा सगळ्यात मोठा पुरावा. एकट्या सैनिकाला एक चांगले पिस्तूल पुरते. इथे दोन हवीत, तीही वजनाने, नळीने, चापाच्या ओढीने एकसारखी. आणि त्यांतले एक बहुधा वैऱ्याच्या हाती द्यायचे. सोबत गोळ्यांचा एकच साचा, एकच दारूची कुपी, तोच गज. आपल्या शत्रूला आपल्याइतकेच चांगले शस्त्र मिळावे यासाठी गिऱ्हाइकाने कारागिराला पैसे द्यावेत, असा व्यवहार शस्त्रांच्या बाजारात दुसरीकडे क्वचितच आढळेल.

यावर पहिला आक्षेप आकड्यांचा. जे. पी. गिलख्रिस्ट याने १८२१ मध्ये १७२ द्वंद्वांची मोजदाद छापली. तिच्यात ६९ माणसे मेली आणि ९६ जखमी झाली. म्हणजे रणात उतरलेल्या ३४४ जणांपैकी पाचातला एक मेला आणि जवळपास निम्म्यांना गोळी लागली. याला यंत्राची निर्दोष तटस्थता कशी म्हणायची? पण ही यादी वर्तमानपत्रांतून आणि खटल्यांतून आलेल्या, म्हणजे गाजलेल्या प्रकरणांची आहे. दोन्ही गोळ्या हुकल्या, हस्तांदोलन झाले आणि न्याहारीला माणसे घरी परतली, अशी द्वंद्वे नोंदवायला कोण बसतो? लंडनमधल्या द्वंद्वांचा अभ्यास करणारे रॉबर्ट शूमेकर यांनी अठराव्या शतकात तलवार जाऊन पिस्तूल आले, तसे द्वंद्व कमी प्राणघातक होत गेले, असे दाखवले आहे. गिलख्रिस्टची गणती जशीच्या तशी मान्य केली तरी निम्म्याहून जास्त माणसे सुखरूप परतलीच. दहा-बारा पावलांवरून, शांत डोक्याने आणि वेळ घेऊन झाडली, तर यांतल्या कोणत्याही पिस्तुलाची गोळी माणसाच्या छातीएवढ्या जागेत सहज बसली असती. ती अनेकदा बसत नव्हती, याचे श्रेय नियमांना आणि थरथरत्या हातांना. १७८९ मध्ये राजपुत्र ड्यूक ऑफ यॉर्क कर्नल लेनॉक्ससमोर बारा पावलांवर उभा राहिला. गोळी त्याच्या केसांच्या बटेला चाटून गेली आणि त्याने उलट गोळी झाडायलाच नकार दिला. समोरच्याची गोळी झेलायला उभे राहिले की पुरे, हा त्या वेळचा सर्वसाधारण समज त्यातून दिसतो.

दुसरा आक्षेप मात्र जड आहे, आणि तो पूर्ण परतवता येत नाही. तो हलक्या चापाचा. पुष्कळ चांगल्या जोड्यांत चापाजवळ एक छोटी कळ असे. ती चढवली की आधी सुमारे दहा पौंडांचा जोर मागणारा चाप अर्ध्या पौंडाच्या स्पर्शानेही सुटे. जड चाप ओढताना नळी खाली किंवा बाजूला झुकते. हलक्या चापाने हा दोष जातो, असे समर्थन करता येते आणि त्यात तथ्यही आहे. पण सराव नसलेल्याच्या हातात तीच सोय धोका ठरते. अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन ११ जुलै १८०४ रोजी न्यू जर्सीतल्या वीहॉकेनला उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बर याच्यासमोर उभा राहिला, तेव्हा वापरलेली जोडी त्याचा साडू जॉन चर्च याची होती. वॉग्डन आणि बार्टन यांनी लंडनला घडवलेली. तीन वर्षांपूर्वी हॅमिल्टनचा थोरला मुलगा फिलिप याच जोडीपुढे मेला होता. हॅमिल्टनची गोळी बरच्या डोक्याच्या बरीच वर झाडाच्या फांदीत शिरली आणि बरची गोळी हॅमिल्टनच्या पोटात. १९७६ मध्ये या जोडीच्या प्रतिकृती करताना हलक्या चापाची कळ तपासली गेली आणि मग अशी कल्पना पुढे आली, की हॅमिल्टनला ती ठाऊक होती, तो ती चढवून फायदा घेणार होता आणि तिच्यामुळेच त्याची गोळी अवेळी सुटली. मला ही कल्पना पटत नाही. कळ चढवू का, असे त्याचा पाठीराखा पेंडल्टनने विचारल्यावर त्याने या वेळी नको म्हणून सांगितल्याची नोंद आहे, आणि अशी कळ त्या काळच्या इंग्रजी पिस्तुलांत काही गुपित नव्हते. तरी एवढे मान्य करायला हवे, की ही कळ बसवताना कारागीर यंत्राचा दोष काढण्याची मर्यादा ओलांडून सराव केलेल्या हाताला झुकते माप देऊ लागला होता. माझ्या युक्तिवादाला इथे तडा जातो, आणि तो तसाच राहू द्यावा हे बरे.

युरोपात हा झुकाव आणखी उघड होता. व्हर्सायच्या कारखान्यात निकोला-नोएल बुते याने घडवलेली पिस्तुले कोरीव कामाने लवलेली असत आणि फ्रेंच नळ्यांना आतून आटे पाडलेले असत, म्हणजे गोळी फिरकी घेत सरळ जाते. इंग्रजी नियम गुळगुळीत नळीचा आग्रह धरत असताना तिकडे अचूकपणाचा मोह आधीच शिरला होता. रशियात तर अंतरही कमी. १८३७ मध्ये पीटर्सबर्गजवळ कवी पुश्किन आणि त्याचा प्रतिस्पर्धी दांतेस दहा पावलांच्या अंतरावर आखलेल्या अडसरांकडे चालत आले आणि पुश्किन पोटात गोळी लागून दोन दिवसांनी गेला. तिथली पद्धत इंग्रजांपेक्षा वेगळी आणि जास्त निर्दय होती. तिच्यावरून लंडनच्या कारागिराचा हेतू ठरवणे चुकीचे होईल.

तिसरा आक्षेप साधा पण खरा आहे. ही बरोबरी होती कुणाची? जोडी परवडणाऱ्या मूठभरांची. आव्हान फक्त बरोबरीच्या माणसाने बरोबरीच्या माणसाला द्यायचे. नोकराने किंवा सोनाराने थोबाडीत खाल्ली तर त्याला पिस्तुलाची पेटी कोणी उघडून देत नसे. आलिपूरच्या मैदानात ज्यांच्या मुलखातल्या लढाईवरून भांडण पेटले होते त्यांचे तर तिथे नावही नव्हते. त्यातून बरोबरीच्या आतही कसबाचा फरक उरलाच. १८०९ मध्ये ब्रिटनचे दोन मंत्री, कॅसलरे आणि कॅनिंग, पटनी हीथवर भिडले. कॅसलरे पटाईत नेमबाज, कॅनिंगने आयुष्यात पिस्तूल उडवले नव्हते, आणि दुसऱ्या फेरीत कॅनिंगच्या मांडीत गोळी बसली. यंत्र निर्दोष झाल्यामुळे हातांतला फरक झाकला गेला नाही, उलट तो ठळक झाला. फक्त आता हरणाऱ्याला लोखंडाला दोष देता येत नव्हता. कारागिराने एवढेच वचन दिले होते.

या वचनाचे मोल कमी केले ते एका धर्मोपदेशकाने, आणि तेही पक्षी मारण्याच्या नादात. स्कॉटलंडचा अलेक्झांडर फोर्सिथ याच्या रंजकेचा भपका पाहून पाखरे गोळी पोहोचण्याआधीच उडत. म्हणून त्याने ठोक्याने पेटणारी स्फोटक भुकटी कामी आणली आणि १८०७ मध्ये पेटंट घेतले. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत तांब्याच्या टोपीचे बार सर्वत्र झाले. गारगोटी, रंजकदाणी, ठिणग्या ही सगळी साखळीच गेली. वॉग्डन आणि मँटन यांनी आयुष्यभर घासून जे विश्वासार्ह केले ते आता बर्मिंगहॅमच्या स्वस्त पिस्तुलातही आपसूक मिळू लागले. मग महागड्या पेटीत वेगळे काय विकायचे? उरला अचूकपणा. १८४० मध्ये लॉर्ड कार्डिगनने विंबल्डनला कॅप्टन हार्वी टकेटला जखमी केले, तेव्हा बोभाटा नुसत्या गोळीचा नव्हता. त्याच्या पिस्तुलांच्या नळीत लपवलेले आटे होते आणि चाप हलका होता, ही गोष्ट लोकांना बोचली. नळी गुळगुळीत आहे अशी शब्दावर हमी देण्याची रीत ज्यांनी पाळली, त्यांच्या दृष्टीने हा सरळ दगा होता. हाउस ऑफ लॉर्ड्सने पुढच्या वर्षी त्याला सोडले, कारण जखमी माणसाचे पूर्ण नाव सरकारी पक्षाला नीट सिद्ध करता आले नाही. खटल्याची ही तऱ्हा पाहून हसावे की चिडावे, हे तेव्हाच्या वर्तमानपत्रांनाही ठरवता आलेले दिसत नाही.

द्वंद्व पिस्तुलांमुळे संपले असे मात्र मी म्हणणार नाही. मध्यमवर्गाचे मत, धर्मसभांची टीका, न्यायालयांचा बदललेला सूर ही कारणे त्याहून मोठी आहेत. १ जुलै १८४३ रोजी लंडनच्या कॅम्डन टाउनमध्ये लेफ्टनंट मन्रो याने कर्नल फॉसेट या आपल्याच साडूला ठार केले. फॉसेटच्या विधवेला निवृत्तिवेतन नाकारले गेले आणि १८४४ मध्ये लष्करी नियमांतच द्वंद्वाविरुद्ध कडक कलमे आली. अंमलदाराला मानाची भीती होतीच; त्यात बायको-मुलांच्या पोटाची भीती आली आणि पुढे बहुतेकांनी माफी मागण्याचा मार्ग पत्करला. इंग्लंडच्या भूमीवरचे शेवटचे प्राणघातक द्वंद्व १८५२ मध्ये एगमजवळ कूर्ने आणि बार्थेलेमी या दोन फ्रेंच निर्वासितांमध्ये झाले. कूर्नेची गोळी हुकली. बार्थेलेमीचे पिस्तूल दोनदा चुकले, तेव्हा कूर्नेने आपलेच पिस्तूल त्याच्या हाती दिले आणि त्याच पिस्तुलाच्या गोळीने कूर्ने मेला. नंतर तपासणीत चुकलेल्या पिस्तुलाच्या नळीत चिंधीचा एक तुकडा सापडला. पंचांनी बार्थेलेमीला आणि पाठीराख्यांना खुनाऐवजी सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरले. शिक्षा दोन महिन्यांची झाली.